लॅमिनवाले गायकवाड सर

लग्नाला गेलेला माणूस नवरानवरीकडे बघतो, नाहीतर पंगतीकडे. आमचे गायकवाड सर मांडवाच्या मागं जातात आणि खांब हलवून बघतात.

आमच्या क्लासच्या डायरेक्टर साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. साहेबांनी स्टेजवर थर्माकोलचा राजवाडा उभा केला होता. फुलं हैदराबादहून आणली होती. सगळं लातूर त्या राजवाड्यासमोर उभं राहून सेल्फी काढत होतं. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तरी गायकवाड सरांचा पत्ता नाही. शेवटी मी स्टेजच्या मागं गेलो. तिथं अंधाऱ्या जागेत, ठेवणीतला कोट घालून, सर एका बांबूला मिठी मारून उभे होते. एका मुठीत अक्षता तशाच होत्या.

"सर, जेवायला चला की."

"तुमी जा बिराजदार. ह्याची दोरी सुटलीय. मी सोडलं तर हा राजवाडा साहेबाच्या डोक्यावर येतोय."

"मग डेकोरेशनवाल्याला बोलवा."

"त्यो जेवून राहिलाय. खामखा पानावरून कशाला उठवायचं?"

डेकोरेशनवाला सावकाश जेवला. पान खाल्लं. मग आला. तोवर पंगती उठल्या होत्या. सर घरी उपाशी गेले, पण चेहऱ्यावर असा आनंद, की जणू कन्यादान त्यांनीच केलं. वाटेत मला म्हणाले, "बघा, समद्यांनी फुलं बघितली. बांबू कुणी बघितला?" मी म्हणालो, बांबू बघायला लग्नाला कोण येतं? सर म्हणाले, "तेच तर दुखणं हाय."

हे मिलिंद गायकवाड सर. मूळचे शिरूर अनंतपाळकडचे. लातुरात मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या एका नामांकित क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवतात. त्याच क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो. क्लासचं नाव सांगत नाही. कारण लातुरात कुठल्याही चौकात मान वर केली, की ते वाचता येतं आणि त्याच्या शेजारी साहेबांचा हसरा फोटोही दिसतो. आमचं गाव तसं मोठं सरळ आहे. इथं पाहुण्यांच्या पोराला नाव नंतर विचारतात, आधी स्कोअर विचारतात. स्कोअर चांगला निघाला तर नाव विचारतात.

गायकवाड सरांना पोरं पाठीमागं 'लॅमिन सर' म्हणतात. सरांना ते माहीत आहे आणि त्यांना ती पदवी वाटते. हे लॅमिन म्हणजे काय, ते मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं आणि माहीत नसल्यानं माझं काही अडलंही नव्हतं. पण सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याला ते कळल्याशिवाय चहा मिळत नाही.

तर ते असं. आपल्या अंगातल्या पेशीच्या मध्ये एक गोळा असतो, त्याला केंद्रक म्हणतात. त्या केंद्रकात डीएनए असतो. तुमचं नाक बापासारखं का आणि राग आईसारखा का, हे सगळं त्याच्यात लिहिलेलं असतं. म्हणून त्याचं कौतुक फार. पण केंद्रकाच्या पडद्याला आतल्या बाजूनं प्रथिनांच्या धाग्यांची एक जाळी असते. ही जाळी पडद्याला आतून पेलून धरते, केंद्रकाचा आकार टिकवते, डीएनएला जागच्या जागी धरून ठेवते. ह्या प्रथिनांना लॅमिन म्हणतात. ती बिघडली तर केंद्रकाचा गोळा चेपतो, फुगे येतात, स्नायू दुबळे होतात, काहींचं हृदयही. एवढं सगळं करून लॅमिनला आमच्या पुस्तकात धड एक ओळ नाही.

हा अन्याय गायकवाड सरांनी मनावर घेतला.

दुसरे शिक्षक केंद्रक शिकवताना फळ्यावर एक गोल काढतात आणि मग तासभर आतलं भरतात. लाल खडू, निळा खडू, डीएनएची वळणं. सर गोल काढतात आणि तासभर तो गोलच गिरवतात. एकदा पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, आत काही नाही का?"

"हाय की. आत डीएनए हाय. त्याला बघायला सारी दुनिया बसलीय, त्याची काळजी नको. आपण भिंतीकडून सुरुवात करू."

ती भिंतीकडून केलेली सुरुवात पुढं भिंतीपाशीच संपली.

डीएनए ज्या प्रथिनांभोवती दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो, त्यांना हिस्टोन म्हणतात. सरांच्या मनात हिस्टोनबद्दल भाऊबंदकी आहे. "हिस्टोन कामाचा हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण डीएनएला चिकटून बसला, म्हणून पुस्तकात त्याचं चित्र आलं. मोठ्याच्या मांडीला मांडी लावून बसलं की फोटो येतोच. आमचा लॅमिन दाराशी उभा." असं म्हणून ते स्टाफरूममधल्या ग्रुप फोटोकडे बघतात. त्या फोटोत साहेबांच्या दोन्ही बाजूंना कोण कोण आहे, ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मी डाव्या बाजूला आहे. त्यामुळे हा विषय निघाला, की मी चहा सांगायला उठतो.

"मान डीएनएचा, ताण लॅमिनचा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते कुठंही लागू पडतं. म्हणजे सर ते कुठंही लागू करतात. नगरसेवकाचा सत्कार असो, क्रिकेटची मॅच असो, बस स्टँडवर कंडक्टर-ड्रायव्हरचं भांडण असो. माझ्या घरी माझ्या बायकोनं पुरणपोळी केली, मी सवयीनं मित्रमंडळींत मिशीवर ताव दिला, तर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, मान ह्यांचा, ताण तुमचा." तेव्हापासून आमच्या घरी सरांना तूप जास्त आणि मला कमी पडतं.

एकदा त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. मी त्यांना नांदेडला घेऊन गेलो. तिथं त्यांचाच एक जुना विद्यार्थी हृदयाचा मोठा डॉक्टर झालाय. पोरगं सरांना बघून पाया पडलं, एसी वाढवला, नंबर न लावता आत घेतलं. यंत्र छातीला लावणार, एवढ्यात सरांनी विचारलं, "बाळा, लॅमिन बिघडलं तर हृदयाचं काय होतंय?"

डॉक्टर गडबडला. म्हणाला, "सर, ते तेव्हा सिलॅबसमध्ये नव्हतं."

"तुझ्या शिलॅबसात नसंल. तुझ्या पेशीत तर हाय."

सर शर्टाची बटणं लावून उठले. मी विनवण्या केल्या, डॉक्टरनं केल्या. सर म्हणाले, "वाचून ठेव. पुढच्या महिन्यात येतो, तवा तपास." आणि खरोखर पुढच्या महिन्यात गेले. डॉक्टरनं बिचाऱ्यानं सगळं वाचून ठेवलं होतं. मग सरांनी मोठ्या मनानं स्वतःला तपासून घेतलं. काही निघालं नाही. येताना गाडीत मला म्हणाले, हुशार पोरगं आहे, फक्त कुणी विचारत नव्हतं.

सरांच्या घरी शोभावहिनी होत्या तोवर ह्या सगळ्याला थोडा लगाम होता. त्या लॅमिनला सवत म्हणायच्या. "माझ्याशी लग्न झालं तवाच कळलं, ह्यांचं आधीच एक हाय," असं हसून सांगायच्या. चार वर्षांपूर्वी त्या अचानक गेल्या. सर काही दिवस रजेवर होते. परत आले आणि जिथं तास सोडला होता, तिथून पुढं शिकवायला लागले. स्टाफमध्ये कुणीतरी म्हणालं, माणूस दगड आहे. मी तेव्हा गप्प बसलो, कारण मलाही तसंच वाटलं होतं.

आता आमच्या साहेबांविषयी. साहेबांचं सगळं शास्त्र एका प्रश्नात मावतं, "वेटेज काय?" म्हणजे परीक्षेत ह्या धड्यावर प्रश्न किती येतात. जास्त येत असतील तर धडा चांगला. साहेबांनी ही दृष्टी पुढं संसारालाही लावली आहे. पाहुण्याच्या मयतीला जायचं का नाही, हेही ते वेटेज बघून ठरवतात. तर साहेबांच्या हिशेबात लॅमिनचं वेटेज शून्य. त्यांनी सरांना अनेकदा सांगितलं, केंद्रक एका तासात उरका. सर दरवेळी "हाव" म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

मग तो पालक मेळावा झाला.

मंगल कार्यालय भरलं होतं. औशापासून किनवटपर्यंतचे आईबाप आले होते. साहेबांनी सरांना सांगितलं, पाच मिनिटं बोला, निकालांवर बोला. सर टेम्पोतून एक बाज घेऊन आले. सुंभानं विणलेली, साधी, खेड्यातली बाज. आम्हाला वाटलं, काहीतरी मराठमोळं स्वागत असेल. सरांनी ती स्टेजवर मांडली आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, बसा." साहेब बसले. फोटोवाला पुढं आला. साहेबांनी कोट सारखा केला.

सर माईकवर म्हणाले, "मायबापहो, हे साहेब म्हणजे डीएनए. समदे ह्यांनाच बघून राहिलेत. हे खाली कामून पडून नाही राहिले? सुंभामुळं. हा सुंभ म्हणजे लॅमिन. आता बघा." आणि पायथ्याची दोरी त्यांनी सोडली.

साहेब हळूहळू बुडाले. आधी बूड गेलं, मग गुडघे वर आले, मग गुडघ्यांच्या मधून चेहरा दिसायला लागला. हात दोन्हीकडे पसरलेले. फोटोवाला काढतच होता. मागच्या रांगांतल्या लोकांना वाटलं, ठरवून केलंय, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा उभा राहून ओरडला, "समजलं बरं का मास्तर! एकदम बराबर समजलं!" आम्ही चौघांनी मिळून साहेबांना बाजेतून उपसलं.

त्या दिवसापासून सरांचं आसन डळमळीत झालं. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ह्यापुढं वर्गात लॅमिन हा शब्द ऐकू आला, तर पुढच्या वर्षी दुसरीकडं बघा. सर "हाव" म्हणाले. केंद्रक एका तासात संपवलं. मग स्नायूंचा धडा आला, त्यात लॅमिन निघालं. पेशीविभाजन आलं, त्यात तर ते हक्कानं आलं. पर्यावरणाच्या धड्यात जंगल कशावर उभं असतं, असं विचारून सर तिथंही पोचले. पोरं वैतागली. सगळी नव्हे, पण जी वैतागली त्यांचे बाप साहेबांना फोन करणारे होते.

साहेबांनी कोट्याहून एक नवा तरुण सर आणला. तो कानाला माईक लावून, स्टेजवर उड्या मारत शिकवतो आणि दर दहा वाक्यांनी "क्लिअर?" असं विचारतो. गायकवाड सरांना नारळ द्यायचं ठरलं. फक्त निकाल लागेपर्यंत थांबायचं, कारण निकालाच्या बातमीत अनुभवी चेहरा लागतो. आणि हा निरोप द्यायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. म्हणाले, "तुमची दोस्ती आहे, तुम्ही गोडीनं सांगा." दोस्तीचा असा उपयोग मला नवा होता.

निकालाचा दिवस आला. लातुरात निकाल लागतो म्हणजे काय, ते बघायलाच पाहिजे. क्लाससमोर डीजे, गुलाल, उघड्या जीपमध्ये टॉपर पोरं, त्यांच्या मध्ये साहेब. एका टॉपरचा पेढा साहेबांच्या तोंडात, साहेबांचा पेढा टॉपरच्या तोंडात, हे दृश्य पुन्हा पुन्हा, सगळे फोन तृप्त होईपर्यंत. मी गुलाल झटकत गायकवाड सरांना शोधत होतो. ते कुठंच नव्हते.

घरी गेलो, तर कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मास्तर सकाळपासून भाकरी थापून राहिले होते. धूर बघून मीच पळत गेले. आता डबे घेऊन गेलेत त्या रूमवाल्यांच्या गल्लीत."

ही गल्ली आमच्या क्लासच्या मागंच आहे. तिथं ओळीनं खोल्या आहेत. खेड्यापाड्यांतून पोरं शिकायला येतात आणि त्यांच्याबरोबर आई येते. बाप शेतावर किंवा नोकरीवर गावी राहतो. आई इथं दहा बाय दहाच्या खोलीत दोन वर्षं पोराला डबा करून घालते, पहाटे उठवते, दुखलं-खुपलं बघते. फ्लेक्सवर ह्या बायांचे फोटो नसतात. त्या दिवशी गल्लीत शांतता होती. लांबून डीजे ऐकू येत होता, त्यामुळं ती जास्तच जाणवत होती. भर दुपारी कुठल्याच खोलीतून कुकरची शिट्टी नव्हती.

एका जिन्याखाली सरांची स्कूटर दिसली. वर गेलो. दार उघडं होतं.

खोलीत एक पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती, झोपली नव्हती. पल्लवी. माझ्याही वर्गात होती. दुसऱ्यांदा परीक्षा दिली होती, दुसऱ्यांदा हुकली होती. तिची आई, किनवटकडच्या सुमनबाई, गुडघ्यात मान घालून बसल्या होत्या. पुढ्यात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. त्या उचलत नव्हत्या. समोर गायकवाड सर मांडी घालून डबा उघडत होते.

मला बघून सर म्हणाले, "या बिराजदार. निरोप घेऊन आलात?"

मी दाराबाहेरच चपला काढत राहिलो.

"मला ठाव हाय. सकाळी चौकातल्या फ्लेक्सवर माझ्या फोटोवर नव्या सरचा फोटो चिकटवला, तवाच बघितलं. उद्या सांगा. ह्या घरात आज एकच दुःख हाय, तेवढं पुरं. बसा."

मी बसलो. सरांनी पिठलं आणि भाकरी ताटात काढल्या. काय त्या भाकरी! एकीला काठच नव्हता. एक मध्ये करपून कडेला कच्ची. एकीचा आकार थेट निजामाच्या राज्याचा. पिठल्यात गुठळ्या होत्या.

सुमनबाई मान वर करून त्या ताटाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या कुणी केल्या?"

"म्या."

"घरात बाई न्हाई का?"

"व्हती. जाऊन चार वर्सं झाली," सर म्हणाले. "हे तिचंच हाय समदं. निकालाच्या दिवशी ती ह्या गल्लीत डबे घेऊन हिंडायची. म्हणायची, मरणाच्या घरी चूल पेटत न्हाई, म्हणून आपण पिठलं-भाकर नेतो. मग ह्या घरी कामून न्ह्यायची न्हाई? इथं तर मेलंबी कुणी न्हाई."

मग भिंतीकडूनच पल्लवीचा आवाज आला, "सर, तुमचं लॅमिन ह्याबी वर्षी पेपरात आलं न्हाई."

"न्हाई येत. कधीच येत न्हाई. त्याच्या भरवशावर राहू नको." सरांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "पण एक सांगतो. पेशीचे दोन भाग व्हायची वेळ येती, तवा ती जाळी समदी विरघळून जाती. बघणाऱ्याला वाटतं, संपलं, केंद्रकच राहिलं न्हाई. पण ती मोडत न्हाई, नुसती सुटी होती. मग तेच धागे पुन्हा जमा होतात आणि जाळी पुन्हा उभी राहती."

हे ते पल्लवीला सांगत होते, पण बघत होते तिच्या आईकडं. मी त्यांच्या तोंडून लॅमिन अक्षरशः हजार वेळा ऐकलं असेल. पण आज पहिल्यांदा मला ते ऐकून भरून आलं.

सुमनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मला त्यातलं काय बी कळत न्हाई सर. पर ही भाकर कुणी जित्या माणसानं खाण्यासारखी न्हाई, एवढं कळतंय. सरा तिकडं."

त्या उठल्या. परातीत पीठ घेतलं. गॅस पेटवला. फोन पुन्हा वाजला, तेव्हा तो पिठाच्या हातानंच उचलून कानाशी धरला. "हाव, न्हाई लागला नंबर... हाव, दोघी बी बऱ्या हाव... ऐका ना, भाकरी टाकून राहिले, मास्तर आलेत जेवायला. मंग बोलते." पल्लवी हळूच उठून बसली आणि तिनं कांदा चिरायला घेतला.

त्या थापण्याच्या आवाजाच्या आडोशानं सर माझ्याकडं वाकले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नोकरीचं काय न्हाई हो बिराजदार. शिरूरला शेत हाय, पेन्शन न्हाई तर न्हाई. पण क्लास सुटला, तर पुढच्या वर्षी कुठल्या खोलीत चूल पेटली न्हाई, ते मला कसं कळंल? शोभाला काय सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो. "दरवर्षी. पत्त्यासकट."

सरांनी मान हलवली. एवढ्यात पहिली भाकरी त्यांच्या ताटात पडली. पातळ, गोल, पापुद्रा सुटलेली, वाफ निघत असलेली. सर तिच्याकडं बघतच राहिले. मग खायला लागले. एका हातात भाकरी, दुसऱ्यात कांदा. डोळे वाहायला लागले, तर पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, आणि पुसायची त्यांना घाईही दिसली नाही. सुमनबाईंनी न विचारता दुसरी भाकरी टाकली. मग माझ्याकडं वळल्या.

"तुमी काय शिकवता हिला?"

"फिजिक्स."

"मंग तुमच्यातबी तिला कमीच पडलेत," बाई म्हणाल्या आणि माझ्यापुढं ताट सरकवलं. "असू द्या. जेवा."